इसापनीती आणि प्राचीन ग्रीक बोधकथा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इसाप नावाचा माणूस खरोखर होऊन गेला का?

इसापाचा सर्वांत जुना आणि त्यातल्या त्यात भरवशाचा उल्लेख हिरोडोटस या इतिहासकाराच्या ग्रंथात, म्हणजे इ.स.पू. पाचव्या शतकात सापडतो. हिरोडोटस सांगतो की इसाप हा सामोस बेटावरील इआडमॉन नावाच्या माणसाचा गुलाम होता, पुढे डेल्फी या ग्रीक तीर्थक्षेत्राच्या लोकांनी त्याला ठार मारले, आणि त्या हत्येची भरपाई कोणी घ्यावी असा प्रश्न निघाला तेव्हा याच इआडमॉनच्या नातवाने ती घेतली. कथाकार म्हणून ख्याती, गुलामगिरी, सामोस आणि डेल्फीतील मृत्यू, एवढाच ऐवज इतिहासाच्या हाती लागतो, आणि परंपरेने त्याचा काळ इ.स.पू. सहाव्या शतकाचा पूर्वार्ध मानला जातो.

इसाप कुरूप होता, आधी मुका होता आणि दैवी कृपेने त्याला वाचा फुटली, झँथस नावाच्या तत्त्वज्ञ मालकाला तो पदोपदी निरुत्तर करत असे, या सर्व गोष्टी ‘इसापाचे चरित्र’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एका लोकप्रिय ग्रीक कादंबरीवजा पुस्तकातून आलेल्या आहेत. ते पुस्तक आजच्या रूपात इसापानंतर सहा-सातशे वर्षांनी सिद्ध झाले. बाजारातून सर्वांत चांगली वस्तू आण म्हटल्यावर इसाप जीभ आणतो आणि सर्वांत वाईट वस्तू आण म्हटल्यावर पुन्हा जीभच आणतो, हा आपल्याकडेही अनेकांना ठाऊक असलेला प्रसंग त्याच पुस्तकातला आहे. तो इतिहास म्हणून सांगता येणार नाही. मात्र ज्याच्याजवळ जिभेखेरीज दुसरे कोणतेच हत्यार नव्हते अशा माणसाबद्दल ग्रीकांनी नेमकी हीच गोष्ट रचावी, हे मला फार बोलके वाटते.

या सगळ्या कथा इसापानेच रचल्या काय?

नाही. इसापाच्या कितीतरी आधी ग्रीक काव्यात प्राण्यांच्या कथा येतात. हेसिअड या कवीने इ.स.पू. 700 च्या सुमारास रचलेल्या शेतीविषयक आणि न्यायविषयक दीर्घकाव्यात ससाणा आणि नाइटिंगेल यांची कथा आहे. ससाण्याने त्या गाणाऱ्या पाखराला नखांत धरून ढगांपर्यंत उंच नेले आहे; नखे अंगात रुतल्यामुळे ते रडते आहे; आणि ससाणा त्याला म्हणतो, की रडतेस कशाला, तुझ्याहून कितीतरी बलवानाने तुला धरले आहे, तू गायिका असलीस तरी मी नेईन तिथेच तुला यावे लागेल, मनात आले तर मी तुला खाईन, नाही तर सोडून देईन. कथा जवळजवळ इथेच संपते. हेसिअड ती ‘राजांसाठी’ सांगतो, आणि त्याचा स्वतःचा वाटणीचा तंटा लाच खाणाऱ्या अशाच सत्ताधाऱ्यांपुढे चाललेला होता, हे लक्षात घेतले की ती गोष्ट किती धारदार आहे ते कळते. पाखरू गाणारे आहे आणि सांगणारा कवी आहे, यापलीकडे त्याला काही उलगडून सांगावे लागत नाही.

इ.स.पू. सातव्या शतकातील आर्किलोकस या कवीने कोल्हा आणि गरुड यांची कथा आपल्या निंदापर काव्यात वापरली. त्याहीमागे गेलो तर मेसोपोटेमियातील मातीच्या विटांवर कोल्हा, गाढव, कुत्रा यांच्याविषयीच्या सुमेरी म्हणी आणि छोट्या गोष्टी मिळतात, आणि आर्किलोकसच्या कथेशी जवळीक सांगणारी गरुड आणि साप यांची कथा बाबिलोनी वाङ्मयातील एताना राजाच्या आख्यानात आहे. बाब्रियस या ग्रीक कवीने तर स्पष्टच लिहिले आहे की बोधकथा ही मूळची सीरियन लोकांची निर्मिती आहे. तेव्हा आपल्याकडे ओवी म्हटली की ज्ञानदेव आणि अभंग म्हटला की तुकोबा आठवावेत, तसे ग्रीकांनी या कथाप्रकाराला इसापाचे नाव दिले आणि मग कोणाचीही चांगली कथा त्याच्या खात्यावर जमा होत गेली, असे समजणे योग्य ठरेल.

प्राचीन ग्रीसमध्ये या कथा मुलांना सांगण्यासाठी होत्या का?

लहान मुले त्या ऐकत असतीलच. परंतु जिथे जिथे या कथा सांगितल्या गेल्याची सविस्तर नोंद मिळते तिथे श्रोते बहुधा प्रौढ आहेत आणि प्रसंग गंभीर आहे. बोधकथेबद्दल आपला सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे, म्हणून या उत्तरात थोडे रेंगाळतो.

ॲरिस्टॉटलने वक्तृत्वशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात बोधकथेला युक्तिवादाचे साधन मानले आहे. लोकसभेपुढे बोलताना ती विशेष उपयोगी पडते, कारण इतिहासातला जुळणारा दाखला शोधणे कठीण असते, कथा मात्र रचता येते, असे तो सांगतो. आणि दोन उदाहरणे देतो. पहिले उदाहरण सिसिलीतील हिमेरा नगराचे. तेथील लोकांनी फालारिस या माणसाला सर्वाधिकार असलेला सेनापती नेमले होते आणि आता ते त्याला अंगरक्षकांची तुकडीही देणार होते. तेव्हा स्टेसिकोरस या कवीने त्यांना एक गोष्ट सांगितली. एक घोडा एका कुरणाचा एकटा धनी होता. तिथे एक काळवीट येऊन गवताची नासाडी करू लागले. त्याचा सूड घ्यावा म्हणून घोड्याने माणसाची मदत मागितली. माणूस म्हणाला, तू तोंडात लगाम घे आणि मला भाला घेऊन पाठीवर बसू दे. घोड्याने ते मान्य केले, आणि सूड राहिला बाजूला, तो कायमचा माणसाचा चाकर झाला. स्टेसिकोरस पुढे म्हणाला, की लगाम तर तुम्ही तोंडात घेतलाच आहे. आता अंगरक्षक दिलेत की तो पाठीवरही बसेल.

दुसरे उदाहरण खुद्द इसापाचे आहे. सामोसमध्ये एका लोकनेत्यावर देहदंडाचा खटला चालू असताना त्याच्या बचावासाठी इसापाने सांगितले, की एक कोल्ही नदी ओलांडताना वाहत जाऊन एका घळीत अडकली आणि तिच्या अंगाला गोचिड्या लागल्या. तिथून जाणाऱ्या काटेरी अंगाच्या एका लहानशा प्राण्याला तिची दया आली आणि गोचिड्या काढू का, असे त्याने विचारले. कोल्ही म्हणाली, नको; या गोचिड्यांचे पोट आता भरले आहे, त्या थोडेच रक्त पितात; या काढल्यास तर दुसऱ्या भुकेल्या येतील आणि उरलेले सगळे रक्त पिऊन टाकतील. तसाच हा माणूस आता श्रीमंत झाला आहे, याला मारलेत तर गरीब येतील आणि तुमचा खजिना रिता करतील. या गोष्टीत सज्जनपणाचा कोणताही पाठ नाही. उलट, एका भ्रष्ट माणसाचा तो बचाव आहे, आणि तरीही कोणत्याही काळातील मतदाराला ती चपखल लागू पडल्यासारखी वाटते.

मग प्रत्येक कथेखाली छापलेले ‘तात्पर्य’ कुठून आले?

शाळेच्या पुस्तकात गोष्ट संपली की ठळक अक्षरात तात्पर्य येते आणि परीक्षेत गुण त्या ओळीलाच मिळतात, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांच्या गाठीशी आहे. तोंडी सांगितल्या जाणाऱ्या कथेला अशा ओळीची गरज नसे, कारण समोरचा प्रसंगच तिचा अर्थ लावत असे. कथा प्रसंगापासून सुटून संग्रहात जमा होऊ लागल्या तेव्हा ही कथा कोणत्या प्रसंगी उपयोगी पडेल हे सांगणारी टीप लागली. इ.स.पू. 300 च्या सुमारास फालेरमच्या डेमेट्रिअसने इसापाच्या कथांचा संग्रह केला होता. तो आज उपलब्ध नाही, परंतु असे संग्रह वक्त्यांनी हाताशी ठेवण्याचे साधन होते, असे अभ्यासक मानतात. पुढे ग्रीक आणि रोमन शिक्षणात बोधकथा लिहिणे, ती लांबवणे, आटोपशीर करणे आणि तिच्याखाली बोध जोडणे हा लेखनकौशल्याचा अगदी पहिला धडा झाला. थेऑन नावाच्या शिक्षकाने त्या काळी केलेली व्याख्या आजही पुरेशी आहे: बोधकथा म्हणजे सत्याचे चित्र दाखवणारी खोटी गोष्ट.

आपली सर्वांत ओळखीची कथाच पाहा. कोल्हा भुकेला आहे, झाडावर चढलेल्या वेलीला लटकणारे द्राक्षांचे घोस त्याला दिसतात, ते हाती लागत नाहीत, आणि तो जाता जाता स्वतःशी म्हणतो, ‘ओम्फाकेस एइसिन’. ‘ओम्फाकेस’ म्हणजे पिकायची आहेत अशी, कच्ची द्राक्षे. आंबटपणा त्या कच्चेपणातच आला, पण मूळ शब्दात फळाची वेळ झालेली नाही असा भाव आहे. म्हणूनच त्या ग्रीक पाठाखालील टीप म्हणते, की काही माणसांना स्वतःच्या दुबळेपणामुळे कार्य साधत नाही तेव्हा ती काळवेळेला दोष देतात. मराठीतली ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण मिळाली नाही त्या वस्तूला नावे ठेवणाऱ्यावर रोख धरते. ग्रीक टीप ‘अजून वेळ आलेली नाही’ असे म्हणणाऱ्यावर धरते. एकाच कथेला दोन वेगळी तात्पर्ये इतक्या सहज बसतात, तेव्हा तात्पर्य हा कथेचा अविभाज्य भाग आहे, असे म्हणणे अवघड होते.

इसापाला डेल्फीच्या लोकांनी का मारले?

परंपरा सांगते की त्याने डेल्फीकरांचा अपमान केला, म्हणून त्यांनी देवळातील मौल्यवान प्याला त्याच्या सामानात लपवून त्याच्यावर चोरीचा आळ घेतला आणि त्याला कड्यावरून लोटण्याची शिक्षा दिली. मरणापूर्वी त्याने त्यांना गरुड आणि शेणकिडा यांची कथा सांगितली. गरुड पाठीस लागलेला ससा शेणकिड्याला शरण येतो. किडा गरुडाला विनवतो. गरुड त्याला क्षुद्र समजून त्याच्या डोळ्यांदेखत ससा खातो. त्या दिवसापासून गरुड जिथे जिथे अंडी घालतो तिथे किडा उडत जातो आणि ती घरट्यातून ढकलून फोडतो. शेवटी गरुड थेट झ्यूस देवाच्या मांडीवर अंडी ठेवतो. किडा शेणाची गोळी करून उडत जातो आणि ती देवाच्या मांडीवर टाकतो. झ्यूस ती झटकायला उठतो आणि अंडी खाली पडून फुटतात.

ही कथा अथेन्समध्ये इतकी परिचित होती की ॲरिस्टोफेनिसच्या इ.स.पू. 422 मधील एका विनोदी नाटकात एक म्हातारा ती सांगायला नुसता तोंड उघडतो, आणि पुढच्याच वर्षीच्या नाटकात नायक शेणकिड्यावर स्वार होऊन देवांकडे जातो व पंख असलेल्यांपैकी देवांपर्यंत पोहोचलेला हाच एक प्राणी इसापाच्या कथांत सापडतो, असे कारण देतो.

सॉक्रेटिसचा आणि इसापाचा संबंध काय?

इ.स.पू. 399 मध्ये देहदंडाची वाट पाहत तुरुंगात असताना सॉक्रेटिसने इसापाच्या कथा पद्यात रचल्या, असे प्लेटोने नोंदवले आहे. ‘संगीताची साधना कर’ असे त्याला स्वप्नात वारंवार सांगितले जात असे. स्वतःला कथा रचता येत नाहीत, इसापाच्या मात्र तोंडपाठ आहेत, म्हणून ज्या आधी आठवल्या त्या घेतल्या, असे तो मित्रांना सांगतो. डेल्फीत अन्यायाने मारल्या गेलेल्या कथाकाराची सोबत अथेन्समधील त्या कैद्याने आपल्या शेवटच्या दिवसांत घेतली, या नोंदीपाशी मी प्रत्येक वाचनात थांबतो.

रोमन साहित्यात या कथांचे काय झाले?

इ.स. पहिल्या शतकात फीड्रस या कवीने त्या लॅटिन पद्यात आणल्या. तो स्वतः सम्राट ऑगस्टसच्या घरातील मुक्त झालेला गुलाम होता. तिसऱ्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत तो लिहितो, की गुलामाला मनातले उघड बोलण्याची हिंमत होत नसे, म्हणून त्याने आपल्या भावना कथांमध्ये घातल्या. तिबेरियस सम्राटाचा बलाढ्य अधिकारी सेजानस याने आपल्याला त्रास दिल्याचेही तो सूचित करतो.

त्याच्या पहिल्या पुस्तकाची पहिलीच कथा लांडगा आणि कोकरू यांची आहे, आणि तिची मांडणी पाहण्यासारखी आहे. लांडगा प्रवाहाच्या वरच्या अंगाला उभा आहे, कोकरू बरेच खाली. म्हणजे पाणी लांडग्याकडून कोकराकडे वाहते, हे वाचकाला पहिल्या दोन ओळींतच दिसलेले असते, आणि त्यामुळे ‘तू माझे पाणी गढूळ केलेस’ हा आरोप उच्चारला जाताक्षणीच कोसळतो. कोकरू तेच नम्रपणे दाखवून देते. मग सहा महिन्यांपूर्वीची निंदा निघते. तेव्हा मी जन्मलोही नव्हतो, असे उत्तर येते. मग तुझ्या बापाने केली असेल, असे म्हणून लांडगा त्याला फाडतो. कोकराचा प्रत्येक युक्तिवाद बिनतोड आहे आणि त्यातला एकही कामाला येत नाही.

रोमन कवी होरेसने गावचा उंदीर आणि शहरचा उंदीर यांची कथा आपल्या एका उपरोधकाव्यात अतिशय प्रेमाने सांगितली आहे. पोट आणि शरीराचे इतर अवयव यांची कथा सांगून मेनेनिअस अग्रिप्पा याने रोम सोडून गेलेल्या सामान्य नागरिकांना परत आणले, असे लिव्ही हा इतिहासकार लिहितो. तीच कथा पुढे शेक्सपियरच्या ‘कोरिओलेनस’ नाटकाच्या पहिल्या प्रवेशात आली.

पंचतंत्र आणि जातककथांनी ग्रीकांकडून घेतले की ग्रीकांनी आपल्याकडून?

या प्रश्नाला एका दिशेचे उत्तर नाही आणि अभिमानापोटी ते देऊ नये. सिंहाचे कातडे पांघरलेले गाढव पाली जातकात आहे, पंचतंत्रात ते वाघाच्या किंवा चित्त्याच्या कातड्यात येते, आणि ग्रीकांनाही ते ठाऊक होते. लांडग्याच्या घशात अडकलेले हाड काढणारा बगळा फीड्रसकडे आहे, तर जातकात सिंहाच्या घशातले हाड सुतारपक्षी काढतो. हेसिअडची कथा उपलब्ध पंचतंत्राहून कित्येक शतके जुनी आहे. दुसरीकडे, मेसोपोटेमियातील सामग्री दोहोंहून जुनी आहे. व्यापारी, सैनिक आणि गुलाम यांच्या तोंडून दोन्ही दिशांना कथा फिरत होत्या, एवढे खात्रीने म्हणता येते.

रचनेतला फरक मात्र उघड आहे. पंचतंत्रात कथेच्या पोटात कथा येते, पात्रे एकमेकांना श्लोक ऐकवतात, आणि मंत्री, मित्रभेद, संधी-विग्रह यांचे एक राज्यशास्त्रच त्यातून उभे राहते. ग्रीक कथा चार-सहा वाक्यांत आटोपते. या दोन परंपरा पुढे युरोपात एकत्र आल्या: पंचतंत्र सहाव्या शतकात पहलवी या जुन्या इराणी भाषेत, आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाच्या लेखणीतून अरबीत आणि अकराव्या शतकात ग्रीक भाषेत गेले. फ्रेंच कवी ला फोंतेन याने 1678 मध्ये आपल्या कथांचा दुसरा संग्रह काढला तेव्हा त्यातील बऱ्याचशा मजकुरासाठी ‘भारतीय ऋषी पिल्पे’ याचे ऋण त्याने मोकळेपणाने मान्य केले.

युरोपीय साहित्यावर सर्वांत खोल ठसा कोणी उमटवला?

माझ्या मते ला फोंतेनने. स्टाइनह्योवेलची 1476 च्या सुमारास उल्म येथे छापलेली सचित्र आवृत्ती आणि कॅक्स्टनची 1484 मधील इंग्रजी आवृत्ती यांनी इसाप घरोघरी नेला, हे खरे आहे; परंतु ला फोंतेनने 1668 पासून 1694 पर्यंतच्या बारा पुस्तकांत प्रत्येक प्राण्याला स्वतःचा आवाज दिला आणि बोधकथेला श्रेष्ठ काव्याच्या पंक्तीत बसवले. जर्मनीत लेसिंग या लेखकाने 1759 मध्ये ला फोंतेनच्या नटव्या शैलीविरुद्ध भूमिका घेऊन मुद्दाम कोरड्या, टोकदार गद्यात कथा लिहिल्या. रशियात क्रिलोव या कवीने 1809 पासून या कथांना रशियन बोलीचा गंध दिला, आणि झारच्या सेन्सॉरला चुकवून आडवळणाने लिहिण्याला तिथे ‘इसापी भाषा’ असेच नाव पडले. फीड्रसची प्रस्तावना ज्याने वाचली आहे त्याला या नावाचे आश्चर्य वाटणार नाही.

मराठीत इसाप केव्हा आला?

तंजावरच्या सरफोजीराजे भोसले यांच्या आश्रयाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इसापाच्या कथांचे ‘बालबोधमुक्तावली’ हे मराठी भाषांतर झाले आणि ते देवनागरीत छापले गेले. मराठी गद्याच्या मुद्रणाचा प्रारंभ सांगताना या पुस्तकाचे नाव घ्यावेच लागते, आणि ते महाराष्ट्राबाहेर, कावेरीच्या खोऱ्यात छापले गेले, ही गोष्ट मराठी वाचकांत अजून पुरेशी परिचित नाही. मुंबईत सदाशिव काशीनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचे इसापनीतीचे भाषांतर 1828 मध्ये प्रसिद्ध झाले. ‘इसापनीती’ हा शब्दच आपण संस्कृत नीतिवाङ्मयाच्या साच्यात घडवला आणि परक्या कथांना घरचे नाव दिले.

मराठीतील कोणते वाक्प्रचार खरोखर ग्रीक कथांतून आले आहेत?

‘लांडगा आला रे आला’ आणि ‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ यांच्या कथा जुन्या ग्रीक संग्रहांत आहेत. ‘मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार’ ही कथा मात्र प्राचीन ग्रीक नाही. ती तेराव्या शतकात चेरिटनच्या ओडो या इंग्रज धर्मोपदेशकाच्या संग्रहात दिसते.

‘सिंहाचा वाटा’ आपण आज सर्वांत मोठा वाटा या अर्थाने, बरेचदा कौतुकानेही वापरतो: संघाच्या विजयात अमुक खेळाडूचा सिंहाचा वाटा होता. फीड्रसच्या कथेत सिंह शिकारीचे चार भाग करतो. पहिला आपण राजा म्हणून, दुसरा भागीदार म्हणून, तिसरा अधिक बलवान म्हणून घेतो, आणि चौथ्याला जो हात लावील त्याची खैर नाही, असे बजावतो. गाय, शेळी आणि मेंढी या भागीदारांच्या पदरी काहीच पडत नाही.

मुंगी आणि नाकतोडा यांच्या कथेतही असाच बदल झालेला आहे. ग्रीक कथेतील कीटक सिकाडा आहे, भर उन्हाळ्यात झाडावरून अखंड किर्र करणारा, आणि ग्रीकांना त्याच्या गाण्याचे फार अप्रूप होते. नाकतोडा घातला की मुंगीसमोर आळशी उनाड उभा राहतो. सिकाडा असला की तिच्या दारात एक उपाशी गायक उभा असतो, आणि ‘उन्हाळ्यात गायलास, आता हिवाळ्यात नाच’ हे उत्तर कानाला निराळेच लागते.

लहान मुलांना या कथा सांगाव्यात का?

इंग्रज तत्त्वज्ञ लॉकने 1693 मध्ये लिहिलेल्या शिक्षणविषयक ग्रंथात इसापाची शिफारस केली. फ्रेंच भाषेत लिहिणारा विचारवंत रूसो याने 1762 मध्ये नेमका उलट आक्षेप घेतला: कावळा आणि कोल्हा यांची कथा वाचून मूल कावळ्याला हसते आणि कोल्ह्यासारखे व्हावेसे त्याला वाटते, म्हणजे खुशामत करून दुसऱ्याच्या तोंडचा घास कसा काढावा एवढेच ते शिकते. रूसोचे निरीक्षण मला अचूक वाटते, परंतु त्याने काढलेला निष्कर्ष पटत नाही. मुलांना या कथा अवश्य सांगाव्यात. फक्त तात्पर्य वाचण्यापूर्वी पान झाकून, तू कोणाच्या बाजूने आहेस आणि का, एवढे त्यांना विचारावे. लांडगा आणि कोकरू यांच्या कथेनंतर सात-आठ वर्षांचे मूल बहुधा आधी विचारते, की कोकराची आई कुठे होती. फीड्रसच्या पुढच्या एका कथेत शेळ्यांमध्ये वावरणाऱ्या कोकराला कुत्रा म्हणतो, की तुझी आई इथे नाही, आणि जन्म देणारीपेक्षा दूध पाजून वाढवणारी शेळीच माझी आई, असे उत्तर ते कोकरू देते. ती कथा लगेच वाचायला घ्यावी.